पावकीपासून परार्धापर्यंत

कागद नको, पेन नको, मोबाइल खिशातच राहू द्या. आज सगळे हिशोब डोक्यातल्या डोक्यात करायचे, आणि ते करत करत आधी चंद्र गाठायचा, मग सूर्य, मग त्याच्याही पलीकडे जायचं.

निघू या डेक्कन क्वीननं. मुंबई सीएसएमटी ते पुणे हे रेल्वेचं अंतर १९२ किलोमीटर. सकाळी पुण्याहून मुंबई, संध्याकाळी मुंबईहून पुणे, हा या गाडीचा रोजचा शिरस्ता. म्हणजे दिवसाला १९२ ची दुप्पट. दोनशेची दुप्पट चारशे, त्यातून आठाची दुप्पट सोळा वजा करा. ३८४! रोज ३८४ किलोमीटर. आता सांगा, चंद्र आपल्यापासून सरासरी किती लांब आहे? ३ लाख ८४ हजार किलोमीटर. बघितलंत? आकडे तेच, फक्त पुढे तीन शून्यं! म्हणजे डेक्कन क्वीननं बोरघाट सोडून आकाशाची वाट धरली, तर बरोब्बर एक हजार दिवसांत ती चंद्रावर उभी. पावणेतीन वर्षं, बास. ही गाडी सुरू झाली १ जून १९३० ला. तेव्हापासून ९५ वर्षं एकही दिवस न चुकता धावली असं धरा, आणि तिचं चंद्रापर्यंतचं अंतर चौतीस वेळा कापून पस्तिसावं चालू झालेलं असेल.

आणि सूर्य? तो १५ कोटी किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या ३९० पट लांब. हजार दिवसांचे झाले ३ लाख ९० हजार दिवस. वर्षं करा: साधारण १०७०. राष्ट्रकूट राजे महाराष्ट्रावर राज्य करत होते तेव्हा सुटलेली गाडी आत्ता कुठे सूर्याच्या फलाटाला लागली असती!

तोंडी हिशोबाचा हा नाद मला फार प्रिय आहे. रांगेत उभं राहिलं की सुरू, बसची वाट बघताना सुरू, रात्री झोप येईना की सुरू. लोक समजतात की याला अचाट बुद्धी लागते. माझं मत उलट आहे. याला हजारभर गोष्टी पाठ असाव्या लागतात आणि शून्यं मोजायची सवय लागते. एवढं भांडवल पुरतं. आणि त्या भांडवलावर माणूस कुठवर जातो, ते बघाच तुम्ही.

आधी हे हजार कसे, ते मोजू. बे एके बे पासून तीस दाहे तीनशेपर्यंत पाढे किती? दोन ते तीस, म्हणजे एकोणतीस पाढे. प्रत्येकात दहा ओळी. झाल्या २९० गोष्टी. आता आपल्या जुन्या अंकलिपीतला खजिना उघडा: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि औट म्हणजे साडेतीन, यांचे हे सात पाढे. एकेक पाढा शंभरापर्यंत नेला, तर सात शेकडे सातशे. सातशे आणि दोनशे नव्वद, नऊशे नव्वद. हजाराला दहा कमी!

हे सात पाढे शाळांतून मागे पडले याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांच्यात केवढी ताकद भरली आहे ती बघा. पंचवीसनं गुणायचंय? पावकी म्हणा आणि दोन शून्यं द्या. ७६८ गुणिले २५: ७६८ ची पावकी १९२, दोन शून्यं, १९,२००. झालं! पंचाहत्तरनं गुणायचं तर पाऊणकी: ४८ पाऊणे ३६, म्हणून ४८ गुणिले ७५ म्हणजे ३,६००. सव्वाशेनं गुणायचं तर सवायकी: ६४ सव्वे ८०, म्हणून ८,०००. पस्तीसनं गुणायचं तर औटकी आणि एक शून्य: १८ औटे ६३, म्हणून ६३०. ज्याला मुलं आज ‘फास्ट मॅथ्स’च्या क्लासात ट्रिक म्हणून शिकतात, ते आपल्या पणजोबांना मळ्याच्या बांधावर बसून येत होतं. शंभराच्या जवळच्या आकड्यांची तर गंमतच और. ९७ गुणिले ९६. पहिला शंभराला तीन कमी, दुसरा चार कमी. तीन आणि चार सात. शंभरातून सात गेले, ९३. तीन चोक बारा. ९३ च्या शेजारी १२ मांडा: ९,३१२. तीन सेकंदही लागत नाहीत!

भांडवल गाठीला बांधलं. आता रुपयांकडे वळू.

२०१९ नंतरच्या घडणीचं रुपयाचं नाणं दोन सेंटिमीटर रुंद आहे. नाण्याला नाणं चिकटवून सरळ ओळ मांडायची. एका मीटरला ५० नाणी, एका किलोमीटरला ५०,०००. मुंबई ते पुणे किती रुपये लागतील? १९२ गुणिले ५०,०००. घाबरायचं नाही, पन्नास हजार म्हणजे अर्धा लाख, तर १९२ ची निमकी म्हणा: ९६. झाले ९६ लाख. एक कोटी रुपये हातात असतील, तर सीएसएमटीपासून मांडत निघा, पुणे स्टेशन येईल तेव्हा पिशवीत चार लाख उरलेले असतील, आणि ते संपेपर्यंत तुम्ही आणखी आठ किलोमीटर पुढे हडपसरच्या बाजूला गेलेले असाल. एक कोटी ही रक्कम अशी पायाखालून गेली की मगच ती कळते.

मग लाख कोटी कळायला काय करावं? आपल्या राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प साधारण सात लाख कोटी रुपयांचा. त्याचे रुपये मांडू. कोटीला २०० किलोमीटर. सात लाख गुणिले दोनशे. सात दुणे चौदा, आणि शून्यं पाच अधिक दोन, सात. चौदावर सात शून्यं म्हणजे १४ कोटी किलोमीटर! पृथ्वीवरून निघालेली ही ओळ थेट सूर्याच्या दिशेनं जाते आणि थोडी अलीकडे, कोटीभर किलोमीटर अलीकडे, संपते. हा सात लाख कोटींचा आकडा लक्षात असू द्या. पुढे एका बाईंनी याहून मोठा आकडा दुसऱ्या तसल्याच आकड्यानं डोक्यात गुणला, तिथे तो परत लागणार आहे.

रुपये ठेवा बाजूला, पाणी काढू. एक चांगली बांधीव विहीर घ्या, आठ मीटर रुंद, आत दहा मीटर पाणी. अर्धी रुंदी चार, चारचा वर्ग सोळा, त्याला ३.१४ नं गुणा: पन्नास. दहा मीटर खोली: पाचशे घनमीटर. घनमीटरला हजार लिटर, म्हणजे विहिरीत पाच लाख लिटर पाणी. आता थेंब. दवाखान्यातल्या सलाइनच्या नेहमीच्या नळीतून वीस थेंब पडले की एक मिलिलिटर होतो. लिटरला वीस हजार थेंब. पाच लाख गुणिले वीस हजार: पाच दुणे दहा, शून्यं पाच आणि चार, नऊ. दहावर नऊ शून्यं, म्हणजे एकावर दहा. एका विहिरीत एक हजार कोटी थेंब!

एकावर दहा शून्यं या संख्येला आपल्याकडे फार जुनं नाव आहे: खर्व. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आणि तिच्यात एकापासून सुरू करून प्रत्येक पायरीला दहापट असं करत अठरा घरांची नावं दिली. हे आपल्या खानदेशातलं वैभव. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांच्या नातवाची, चांगदेवाची नोंद आहे, आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यानं मठ उभारल्याचीही. तर या अठरा घरांवरून आपली विहीर फिरवू. एक विहीर म्हणजे एक खर्व थेंब. दहा विहिरी, निखर्व. शंभर विहिरी, महापद्म. हजार विहिरी, शंकू. दहा हजार विहिरी, जलधी. लाख विहिरी, अंत्य. दहा लाख विहिरी, मध्य. आणि एक कोटी विहिरी काठोकाठ भरल्या, की त्यातले थेंब होतात परार्ध! एकावर सतरा शून्यं. अठरावं घर.

कोटी विहिरी कुणी बघितल्यात? नाही बघितल्या, पण कोयना बघितली आहे. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी. एका टीएमसीत २,८३२ कोटी लिटर. १०५ नं गुणायचं: शंभरपट २ लाख ८३ हजार, वर पाचपट चौदा हजार, मिळून २ लाख ९७ हजार कोटी. धरा तीन लाख कोटी लिटर. भागिले पाच लाख लिटरची एक विहीर: साठ लाख विहिरी! म्हणजे तुडुंब भरलेली कोयना, शिवसागर जलाशयाचा तो अफाट पसारा, त्यातला थेंब न् थेंब मोजला, तरी परार्ध होत नाही. दहातले सहाच हिस्से होतात. कोयना पूर्ण रिकामी करा, पुन्हा दोन-तृतीयांश भरा, तेव्हा भास्कराचार्यांचं शेवटचं घर भरतं. पावणेनऊशे वर्षांपूर्वी, धरण नाही, पंप नाही, टीएमसी नाही, आणि या माणसाच्या पोथीत कोयनेपेक्षा मोठ्या आकड्याला नाव तयार!

आता जरा डोंबिवलीला उतरू. गणिताच्या नकाशावर हे फार मोठं स्टेशन आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे, नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तर. या कापरेकर मास्तरांनी काही संख्यांना ‘डेमलो’ असं नाव दिलं, ते ज्या स्टेशनावर कल्पना सुचली त्या स्टेशनाचं. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. संख्या अशा: ११ गुणिले ११, १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. जिना चढतो आणि उतरतो. नऊ एक मांडून वर्ग करा: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. पाठ करायची गरजच नाही, नऊपर्यंत मोजा आणि मागे या, तुम्ही सतरा अंकी वर्ग तोंडी सांगितलात! आणि हा आकडा केवढा, ते थेंबांत बघा: सव्वाबारा लाखांहून जास्त विहिरी. कोयनेचा पाचवा हिस्सा. मुंबई रोज सुमारे ४०० कोटी लिटर पाणी पिते, तिला हे पाणी पाच महिने पुरेल. फलाटावर उभं राहून नऊपर्यंत मोजलं, नि पाच महिन्यांचं मुंबईचं पाणी तोंडातून बाहेर पडलं!

मास्तरांची दुसरी देणगी याहून खेळकर. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर परत तेच. १९३० घ्या, डेक्कन क्वीनचं साल. ९३१० वजा ०१३९, ९१७१. त्याचे अंक मांडून ९७११ वजा ११७९, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. अजून एकदा करून बघा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! तिथून हलतच नाही. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ला येऊन पोचता. १९४९ सालचा हा शोध. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांबद्दल लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगभर पोचले.

तोंडी हिशोबाच्या सरावाला यापेक्षा गोड खेळ मला माहीत नाही, आणि त्याची वही रस्त्यावर फिरत असते. सिग्नलला उभे आहात, पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचा. एमएच १२, एमएच १५, काहीही असो, शेवटचे चार अंक आपले. हिरवा दिवा लागायच्या आत ६१७४ गाठायचं. सुरुवातीला पहिल्याच वजाबाकीत गाडी अडते, हातच्याचा घोळ होतो. मग हळूहळू डावीकडून वजा करायची सवय लागते, आधी हजार, मग शंभर, जसं आपण आकडा वाचतो तसं, आणि एक दिवस दुसऱ्या वजाबाकीपर्यंत हिरवा दिवा लागलेलाच नसतो. खेळ कधी संपेल? एका मालिकेत १ ते ९९९९ नंबर. एकसारख्या अंकांचे नऊ वगळले, तर ९,९९०. प्रत्येकाला जास्तीत जास्त सात वजाबाक्या, म्हणजे सत्तर हजारांच्या आत. एका वजाबाकीला दहा सेकंद दिले तर सात लाख सेकंद. दिवसाचे ८६,४०० सेकंद; आठ दिवस आणि आठ रात्री सलग. रस्ते तर आयुष्यभर पुरतात!

याच नाशिकनं अलीकडे काय करून दाखवलं, तेही बघा. आर्यन शुक्ल हा नाशिकचा मुलगा. २०२२ साली, बाराव्या वर्षी, जर्मनीत पाडरबॉर्नला तोंडी गणिताचा विश्वचषक त्यानं जिंकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये, चौदाव्या वर्षी, दुबईत एका दिवसात सहा गिनेस विक्रम केले. त्यातला एक: चार अंकी शंभर संख्यांची बेरीज, ३०.९ सेकंदांत. हे पचवायला एक संख्या मोठ्यानं म्हणा: सात हजार आठशे एकोणसत्तर. दोन सेकंद गेले ना? शंभर संख्या नुसत्या वाचायला २०० सेकंद, तीन मिनिटं वीस सेकंद. बेरीज अजून सुरूच नाही! आणि इकडे या मुलाची एक संख्या ०.३ सेकंदांत, डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात, बघून, मिळवून, मागे टाकून झाली. तुम्ही एक आकडा उच्चारता, तो सहा मिळवून मोकळा.

जपानमध्ये तर पडद्यावर आकडे चमकवतात. सोरोबान म्हणजे त्यांची मण्यांची पाटी, आपल्याकडे गल्लोगल्ली अ‍ॅबॅकसचे क्लास आहेत त्यातलीच. पण ती पाटी प्रत्यक्ष हातात नसते, डोळ्यांपुढे असते. २०१२ साली ताकेओ सासानो यांनी तीन अंकी पंधरा संख्या मिळवल्या १.७० सेकंदांत. ‘सात हजार आठशे एकोणसत्तर’ म्हणून होत नाही तोवर पंधरा संख्या!

आणि बेरीज हा तर तळमजला. २००७ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयात अ‍ॅलेक्सिस लमेर या फ्रेंच तरुणानं दोनशे अंकी संख्येचं तेरावं मूळ ७०.२ सेकंदांत सांगितलं. तेरावं मूळ म्हणजे अशी संख्या, जी तेरा वेळा मांडून गुणली की ती दोनशे अंकी संख्या येते. अशा संख्येला शक्य असलेली उत्तरं किती? ३९,३५,४४,३९,६१,७७,५९३. जवळजवळ चार जलधी. एकेका उत्तराला एक थेंब दिला तर ३९ हजार विहिरी. त्यातला बरोबर थेंब उचलायचा. एका सेकंदाला एक उत्तर तपासत बसलं असतं तर? वर्षाला सेकंद ३ कोटी १५ लाख. सवायकी आठवा: ३.१५ सव्वे ३.९४. आला आकडा! सव्वा कोटी वर्षं लागली असती. लागलं एक मिनिट आणि दहा सेकंद.

आता त्या बाईंकडे. शकुंतलादेवी, जन्म बेंगळुरूचा, १९२९. तारीख १८ जून १९८०, ठिकाण लंडनचं इंपिरियल कॉलेज. तिथल्या संगणक विभागानं कुठल्याही क्रमाविना उचललेल्या दोन तेरा अंकी संख्या त्यांच्यापुढे ठेवल्या. पहिली ७६,८६,३६,९७,७४,८७०. दुसरी २४,६५,०९,९७,४५,७७९. यांचा गुणाकार करा.

पहिली संख्या केवढी? ७ लाख ६८ हजार ६३६ कोटी. तो सात लाख कोटींचा अर्थसंकल्प आठवतो ना, सूर्याच्या थोडा अलीकडे संपलेला? ही संख्या त्याच्याहून मोठी. रुपयांत मांडा: लाखानं भागलं की ७.६८६ कोटी, त्याची दुप्पट १५.३७ कोटी किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते, १५.२ कोटी किलोमीटर. तरीही ओळ सूर्याला पोचते आणि पलीकडे लाखो किलोमीटर उरते! दुसरी संख्या २ लाख ४६ हजार ५०९ कोटी. तिची ओळ जवळ आलेल्या शुक्राला मागे टाकून जवळपास पाच कोटी किलोमीटरपर्यंत जाते. आता सूर्यापर्यंतच्या ओळीतल्या प्रत्येक रुपयापाशी दुसरी अख्खी ओळ लावायची. हा तो गुणाकार.

शाळेच्या पद्धतीनं तेरा अंकांना तेरा अंकांनी गुणायचं तर एकेरी गुणाकार तेरा गुणिले तेरा, १६९. मग तेरा ओळींची तिरपी बेरीज, हातचे वेगळेच. एका गुणाकाराला दोन सेकंद दिले तरी नुसत्या गुणाकारांनाच साडेपाच मिनिटं. शकुंतलादेवींना सगळ्याला मिळून लागले २८ सेकंद. डोंबिवलीला लोकल थांबते, माणसं उतरतात, चढतात, भोंगा होतो, तेवढा वेळ! उत्तर बरोबर होतं आणि गिनेस बुकात नोंदलं गेलं. ते असं:

१,८९,४७,६६,८१,७७,९९,५४,२६,४६,२७,७३,७३०.

सव्वीस अंक! परार्ध तर अठरा अंकांतच संपतो. तर मोजू परार्धांतच: जवळजवळ एकोणीस कोटी परार्ध. एका परार्धाला कोयना एक पूर्ण आणि वर दोन-तृतीयांश, म्हणून एकोणीस कोटींत एकोणीस कोटींचे दोन-तृतीयांश मिळवा, साधारण साडेएकतीस कोटी कोयना. साडेएकतीस कोटी कोयना धरणं, सगळी तुडुंब, आणि त्यातला प्रत्येक थेंब या गुणाकारातला एक! एवढं पाणी पृथ्वीवर आहे तरी का? बघू. जगातल्या सगळ्या समुद्रांचं मिळून पाणी १३३ कोटी घन किलोमीटरच्या वर. एका घन किलोमीटरमध्ये एक लाख कोटी लिटर, म्हणजे कोयना तीन घन किलोमीटरची. १३३ कोटींना तीननं भागा: साधारण साडेचव्वेचाळीस कोटी कोयना. हिंदी, पॅसिफिक, अटलांटिक, अरबी समुद्रापासून ध्रुवाजवळच्या पाण्यापर्यंत सगळं धरून साडेचव्वेचाळीस. त्यातल्या साडेएकतीस कोटी कोयना या एका उत्तरात आहेत. रुपयातले अकरा आणे समुद्र, थेंबाथेंबानं मोजून, अठ्ठावीस सेकंदांत!

आणि ही त्यांची सर्वांत मोठी संख्या नव्हेच. तीन वर्षं आधी, १९७७ साली, अमेरिकेत डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात त्यांच्यापुढे २०१ अंकी संख्या ठेवली होती, तेविसावं मूळ काढायला. इथे समुद्र पुरत नाही, विहिरी पुरत नाहीत. दुर्बिणींच्या टप्प्यातल्या सगळ्या विश्वात अणू आहेत साधारण एकावर ऐंशी शून्यं. त्यातला प्रत्येक अणू म्हणजे एकेक अख्खं विश्व समजा, त्याच्या पोटात तेवढेच अणू. झाली एकशे साठ शून्यं. अजून चाळीस अंकांचा रस्ता बाकी! मग त्या पोटातल्या प्रत्येक अणूला जगातले सगळे समुद्र द्या. एकदा नाही, दोनदा नाही, तीन अंत्यांहूनही जास्त वेळा, आणि मग सगळे थेंब मोजा. तेव्हा ती २०१ अंकी संख्या भरते. तिचं मूळ निघालं ५४,६३,७२,८९१. एवढे थेंब म्हणजे सत्तावीस हजार लिटर, दहा हजारी टँकरचे पावणेतीन टँकर. पावणेतीन टँकरांतले थेंब, तेवीस वेळा मांडून एकमेकांनी गुणले की ती विश्वांची विश्वं. पडताळ्यासाठी युनिव्हॅक संगणकाला खास प्रोग्रॅम लिहून दिला होता. त्याला ६२ सेकंद लागले. शकुंतलादेवींना ५०.